वाटा

सात वर्षं मी बाईंची गाडी चालवली.
आरशातून माणूस अर्धाच दिसतो :
कपाळ, चष्मा, आणि घाट उतरावा तसा उतरत गेलेला आवाज.

त्यांनीच सांगितलेलं, कैरो रोडवर सिग्नलला अडकलो असताना :
बाविसाव्या वर्षी त्या सांख्यिकी खात्यात हंगामी होत्या.
सोवेटो बाजारात जायचं, भाव टिपायचे.
आमच्या लुसाकात टोमॅटो किलोवर नाही, वाट्यावर मिळतो.
खाली चार, वर एक, टोपी घातल्यासारखा.
भाव गेल्या महिन्याइतकाच होता. त्यांनी लिहिला.
मग उगाच वाटा मोजला.
खाली तीन, वर एक.

"एक कुठे गेला?"
बाना चिलेशे फडक्याने माशा वारत म्हणाली,
"भाव वाढवला तर गिऱ्हाईक भांडतं.
टोमॅटो काढला तर तीही गप्प, मीही गप्प."

साहेबांनी ती टीप खोडली.
फॉर्मात गप्प बसण्याला रकाना नव्हता.

पुढचं बाई भराभर सांगत, कुणा दुसरीचं असल्यासारखं :
शिष्यवृत्ती, ग्लासगोची थंडी, उसना कोट,
दीड ओळीचं शीर्षक असलेला प्रबंध,
एक लग्न (इथे सिग्नल सुटला),
मग नऊ वर्षं परक्या देशांना काटकसर शिकवणं,
आणि एका ऑगस्टमध्ये फोन : परत ये, गव्हर्नर हो.

पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदावर वीस सह्या करून घेतल्या.
त्यातली एक निवडली गेली,
नोटेवर गेली, गरुडाच्या पायाशी.
क्वाचा म्हणजे पहाट.
बाई म्हणाल्या, "लिकांडो, पहाटेवर सही केली मी.
आता ती उगवली नाही तर लोक मला विचारणार."

त्या वर्षी तांबं पडलं.
दूर कुठल्या तरी पडद्यावर पडलं, आणि इथे मक्याचं पीठ महागलं.
वर समितीची बैठक चाललेली,
बाई मधेच खाली आल्या, काच वाजवली.
"वाट्यात आता किती?"
"तीन. तेही लिंबाएवढे."
काही न बोलता परत गेल्या.
संध्याकाळी रेडिओवर : व्याजदर साडेतीन टक्क्यांनी वर.

त्याच रात्री मोंगूहून धाकट्या भावाचा फोन.
मुबिताने कर्ज काढून गिरणी टाकली होती.
तो एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला ऐकावंच लागलं :
"ताई, तू तिथे बोट वर केलंस, इथे माझा पट्टा तुटला."
"सहा महिने धर," बाई म्हणाल्या.
त्याने चार महिने धरलं.

नवव्या महिन्यात महागाई उतरली.
पेपरांनी फोटो छापले. बाईंनी एकही कात्रण ठेवलं नाही.
आईच्या मातीला आम्ही मोंगूला गेलो तेव्हा
मुबिता त्यांच्याशी पुराबद्दल बोलला, होडीबद्दल बोलला.
अंगणात गिरणी होती. तिच्यावर कोंबड्या बसलेल्या.

मुदत संपली. तांब्याची तबकडी दिली, हार, भाषणं.
दुसऱ्या दिवशी मी माझीच जुनी टोयोटा घेऊन गेलो.
"सोवेटोला चल."

बाना चिलेशेची सून बसली होती.
भाव तिप्पट. खाली चार, वर एक.
बाईंनी दोनदा मोजले.
नोट पुढे केली, तर पोरीने उजेडात धरून पाहिली :
"ही नाही चालायची. सहीवरच फाटलीय.
बँकेतून बदलून आणा."
मी तोंड उघडणार, तोच बाईंनी माझा दंड दाबला.
"दुसरी नाही गं माझ्याकडे."
"मग उद्या द्या. पळून कुठे जाणार तुम्ही?"

गाडीत टोमॅटो मांडीवर घेऊन बाई बराच वेळ बसल्या.
मग फोन लावला.
"मुबिता, गिरणीच्या पट्ट्याला किती पडतील रे?"

पलीकडे इतकी शांतता की मी इंजिन बंद केलं.
मग तो म्हणाला,
"आधी कोंबड्या हलवाव्या लागतील."